पाठीवरचा पंप

११ जुलै २०२१

ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं रोशनला फुकट दिली. दर पानाखाली कुठल्या ना कुठल्या औषधाची जाहिरात आहे. आजच्या पानावर एक टोपीवाला शेतकरी कपाशीवर फवारणी करता करता हसतोय. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत, तरी हसतोय. हसू दे बापडा, चित्रातला आहे.

नवऱ्याचं नाव मी लोकांत घेत नाही. इथे घेणार, कोण ऐकायला बसलंय!

लिहायला बसले कारण आज आम्ही पंप मागवला. बॅटरीचा, ऑनलाइन. आमच्याकडे फवारणीच्या मजुरानं पंप आपलाच न्यायचा असतो. शेत मालकाचं, औषध मालकाचं, पंप आणि पाठ मजुराची. रोशनचा जुना हातपंप सगळीकडून पाझरतो. चार वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, त्या हंगामात रोशनसुद्धा यवतमाळच्या दवाखान्यात पडून होता. तोंडाला फेस, मला ओळखत नव्हता. वाचला. घरी सोडताना डॉक्टरीणबाई आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाल्या, "पुन्हा औषध असं अंगात मुरलं तर आमच्या हातात काही राहणार नाही." रोशननं मान डोलावली आणि पुढच्या हंगामात परत पंप उचलला. आमचं शेत नाही. बोंडअळी आल्यापासून सगळे फवारणीलाच माणूस शोधतात, दुसऱ्या कामाला कोण विचारतो?

म्हणून मी ठरवलं, निदान पाठ तरी कोरडी राहायला पाहिजे. कोरोनात मास्क शिवून थोडे पैसे बाजूला टाकले होते, त्यातून पंप. मागवला बाबूनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं. अश्वजित त्याचं नाव, आर्णीला मोबाइलच्या दुकानात आहे. आमच्या गावात पार्सलवाला येत नाही, म्हणून पत्ता माहेरचा, आर्णीचा, नाव बाबूचं, फोन बाबूचा. मी फक्त चित्रावर बोट ठेवलं. बाबा गेले तेव्हा हा दुसरीत होता. त्याचं दप्तर मी शिवलं, पुढे लग्नात सासरी येतानासुद्धा हा माझ्या मांडीवर बसून आला होता. आता तो मला शिकवतो, "ताई, असं बोट फिरव."

मोठ्या तोऱ्यात मी जुना पंप भंगारवाल्याला देऊन टाकला.

१९ जुलै

बाबू गाडीवर खोकं बांधून घेऊन आला. हिरवागार पंप, पिवळा पट्टा. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, मग टाकीत पाणी भरलं आणि रोशननं तो पाठीवर घेतला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. तुषार असे बारीक की शेजारच्या पोरी भिजायला धावल्या.

पंप उतरवला तर रोशनचा शर्ट कमरेपर्यंत ओला.

टाकी उलटी करून पाहिली. खालच्या कोपऱ्यात तडा होता, बोटाएवढा. कुठेतरी आपटलेला माल. मला असा राग आला की खोक्यालाच लाथ मारली.

"टेन्शन नको घेऊ ताई," बाबू म्हणाला. "आजकाल कायदा कडक आहे. फुटका माल पाठवला तं त्याहिले बदलूनच द्या लागते. मी फोटो टाकतो."

चारही बाजूंनी फोटो काढले. मी तडा दाखवायला बोट लावून उभी राहिले, तर म्हणतो, "ताई, तुह्यं नखच दिसून राह्यलं, हटव." सगळे हसलो.

२८ जुलै

कंपनीचं उत्तर आलं म्हणे. बाबूनं फोनवर वाचून दाखवलं: गैरसोयीबद्दल माफी, नवा पंप पाठवतो, फुटका परत पाठवू नका, वापरू पण नका, तोडून टाका. मी दोनदा वाचायला लावलं. मोठ्या कंपनीनं आपली माफी मागावी! रोशनला म्हटलं, "पाह्यलं? बोललं तं ऐकतेत लोक. तुमच्यासारखं गुपचूप राहून काही होते का?"

तो म्हणाला, "नवा येतपर्यंत मी कायनं जाऊ? सदाशिवरावांच्या कपाशीची फवारणी परवा आहे."

जुना तर मीच विकलेला. फुटक्याला एम-सील लावलं. आत प्लास्टिक म्हणून पाठीला खताची रिकामी चुंगडी बांधून दिली. चार दिवसांचा प्रश्न आहे.

३ ऑगस्ट

पट्ट्याच्या गाद्या शिवून झाल्या. या कंपनीच्या पंपाचा पट्टा खांद्यात रुततो, तर नव्याला आधीच खालून गाद्या. मास्कचं निळ्या चौकडीचं कापड उरलं होतं, आत जुन्या चादरीचे तीन थर, वरून तिरप्या टाक्यांनी भरून काढल्या. निळा दोरा मध्येच संपला, म्हणून अर्ध्या टाक्यांना लाल लावला. वेडंवाकडं दिसतं, पण मजबूत आहे. बाबू आला होता, त्याच्याजवळ दिल्या. "पंप आला का तिथंच चढव, मंग आण. जिजाजीले तयार पंप दे."

"हाव न. तू तं जवायाच्या घोड्याले झूल शिवल्यासारखं करून राह्यली," म्हणाला आणि पिशवीत टाकून घेऊन गेला.

१५ ऑगस्ट

पंप अजून नाही. बाबू म्हणतो, कंपनीला फोटो नीट दिसले नाहीत, परत मागितले. म्हटलं, माफी कशी मागितली मग न दिसताच? तर म्हणतो, ते ऑफिस वेगळं, हे ऑफिस वेगळं.

असो. त्यापेक्षा मोठी बातमी म्हणजे बाबूला मारेगावचं स्थळ आलंय. मैत्रेयी नाव, डी.एड. केलेली. वडील उकंडाजी, ओलिताची जमीन, पक्कं घर. माय इंदूबाईला रात्रंदिवस हेच. मागच्या आठवड्यात बाबू पहिल्यांदा त्यांच्याकडे जाऊन आला. मी विचारलं, "कसे वाटले?" तर तोंड भरून बोलला, विहीर अशी, मोटार अशी, अंगणात मोगरा. मग एकदम म्हणाला, "आपल्या घराले पाहून काय म्हणतीन ते लोक?"

मी म्हटलं, "तुले पाहतीन का घराले?" पण मनात मीही तेच मोजत होते. पोरगा मोबाइलच्या दुकानात, आणि ते ओलिताचे.

२४ ऑगस्ट

रोशनचा शर्ट आज तीनदा धुतला. एम-सील सुटलं. हिरवट डाग जात नाही आणि वास तर भिंतीला बसलाय. पाठीवर चट्टे उठलेत, खोबरेल लावलं. त्याचे हात कापत होते, गिलास धरताना पाहिलं. म्हणे थकवा आहे.

बाबूला फोन केला. आता म्हणतो, पंप निघाला पण गोदामात अडकला, लॉकडाऊनमुळे मागून माल येऊन राह्यला नाही. लॉकडाऊन उठून किती दिवस झाले! या कंपन्या खेड्यातल्या माणसाला माणूस समजत नाहीत. गावात ज्याला त्याला सांगत सुटले आहे, त्यांचा माल घेऊ नका. शेजारणीच्या पोरानं त्यांच्या फेसबुकच्या पानावर माझ्या नावानं शिव्या टाकल्या, मीच सांगितल्या, त्यानं फक्त टाइप केल्या.

६ सप्टेंबर, पोळा

काल बोलणी पक्की करायला रोशन, माय, बाबू आणि दोन मोठी माणसं मारेगावला गेली होती. मला ताप होता म्हणून राहिले. संध्याकाळी रोशन आला. मी विचारलं, घर कसं, पोरगी कशी? "चांगले आहेत लोक." एवढंच. जेवला नाही नीट. ताट बाजूला सारून म्हणाला, "शीला, त्या कंपनीचा नाद सोड आता."

"काहून?"

"फुटला तं फुटला. आपलंच नशीब."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुम्हाला भांडता येत नाही म्हणून जगानं तुम्हाला फुटका माल विकावा? फुकट मागतोय का आपण? तो उठून खाटेवर आडवा झाला. असा कसा हा माणूस! आज पोळ्याच्या दिवशी सगळं गाव बैल सजवतंय आणि आमचा हा कोपऱ्यात बसून फुटक्या पंपाला परत एम-सील लावतोय.

९ सप्टेंबर

आशावर्कर विमलताईंनी नंबर दिला, ग्राहकांसाठी सरकारचा फुकटचा फोन. दुपारी लावला. एक बाई बोलली, मराठीत, अगदी शांत. सगळं विचारून घेतलं. मी म्हटलं, पावती भावाच्या नावावर आहे, माझं ऐकाल का? ती म्हणाली, "त्यांच्या संमतीनं तुम्ही वापरत असाल तर तुम्हीही ग्राहकच आहात. फुटका माल परत घेणार नाही असं विक्रेत्याला म्हणता येत नाही." मग म्हणाली, "पण ताई, तो पंप आता वापरू नका."

मी हो म्हटलं. खिडकीतून रोशन दिसत होता, पंप सायकलला बांधत होता.

तक्रार नोंदवली. कंपनीचं उत्तर मागवणार आहेत. लग्नानंतर पहिल्यांदा मला माझं स्वतःचं काही मोठं काम केल्यासारखं वाटतंय.

१५ सप्टेंबर

हरामखोर! दुसरा शब्द नाही.

फोनवाल्या बाईनं सांगितलं, कंपनी म्हणते नवा पंप दहा ऑगस्टलाच पोचवला. आर्णीच्या पत्त्यावर, घेणाऱ्यानं फोनवर आलेला आकडा सांगून ताब्यात घेतला. म्हणजे फुटका माल द्यायचा आणि वर खोटंही बोलायचं! मी त्या बाईला नको नको ते बोलले. तुम्ही पण त्यांच्यातल्याच आहात, पैसे खाल्ले असतील, सगळं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "ताई, भावाला एकदा विचारून घेता का?"

मी म्हटलं, माझ्या भावाचं नाव घ्यायचं नाही. आणि फोन ठेवला.

बाबूला लगेच सांगितलं. त्यानं तारीख परत विचारली. मग म्हणाला, "पाह्य ताई, कसे असतेत. आकडा कोणी बी टाकू शकते. तू नको पडू याच्यात, मी पाह्यतो." तोही किती चिडला असेल, आवाज बसला होता त्याचा.

१८ सप्टेंबर

यवतमाळला ग्राहक आयोगात अर्ज करायचा ठरवला. विमलताई म्हणाल्या, वकील लागत नाही, पावती आणि बाबूची सही आण. बाबू म्हणतो, साक्षगंध होऊ दे, मग करू, आत्ता कोर्टाचं नाव निघालं तर मारेगाववाले काय म्हणतील? बरोबर आहे त्याचं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सतरा ऑक्टोबर धरलाय.

विचारलं, "गाद्या तरी नीट ठेवल्या न?"

"कपाटात आहेत."

रोशन इथेच बसून ऐकत होता. उठून बाहेर गेला. आजकाल बाबूचा फोन आला की हा उठतो. सोयरीक मोठ्या घरी होते आहे ते बघवत नाही का याला? असं मी बोलले पण त्याच्या तोंडावर. बोलायला नको होतं की हवं होतं, मला कळत नाही. तो फक्त म्हणाला, "तुह्या मायेरचं चांगलंच व्हावं वाटते मले."

२३ सप्टेंबर

रोशन पडला. सदाशिवरावांच्या वावरात, कपाशीत. सोबतच्या बायांनी बांधावर आणलं, सदाशिवरावांनी स्वतःची गाडी काढली. पाठ पूर्ण ओली होती. मी शर्ट फाडून काढला. यवतमाळ.

२४ सप्टेंबर

ओळखत नाही.

२६ सप्टेंबर

सुया चालू आहेत. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात, डॉक्टर म्हणतात ते सुयांमुळे, चांगलं आहे. तोंडात पाणी घातलं तर गिळलं. मला "शीला" म्हणाला की दुसरं काही, कळलं नाही, पण ओठ हलले.

बाबू कालपासून इथेच आहे. रोशनच्या पायथ्याशी बसून त्याचे पाय धरून असा रडला की सिस्टरनं त्याला बाहेर काढलं. "माह्यामुळं झालं ताई," म्हणत होता, "मी लवकर पंप आणून द्यायले पाह्यजे होता." मीच त्याला जवळ घेतलं. सांगितलं, तुझा काय दोष, कंपनीनं मारलं यांना. किती जीव लावतो पोरगा! माय म्हणते, असा मेहुणा नशिबानं मिळतो.

रोशन शुद्धीत आल्यावर बाबूनं त्याच्यासाठी मोसंबी सोलली. रोशननं तोंड फिरवलं. तोंडाला चव नसेल.

४ ऑक्टोबर

घरी आलो. डॉक्टरांनी या वेळी मान डोलावू दिली नाही. म्हणाले, पंप पाठीवर घेतला तर घेऊन येऊ नका आमच्याकडे. संपलं. रोशन आता फवारणीला कधी जाणार नाही. खाटेवरून उठायला माझा हात लागतो. मी पहाटेपासून मशीनवर बसते.

फुटका पंप दाराशी पडला आहे. तोडायला गेले तर रोशन म्हणाला, राहू दे.

१४ ऑक्टोबर

आज धम्मचक्र दिन, विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी रोशनला हात धरून नेलं. गर्दीत त्याला उभं राहवेना, मागे भिंतीला टेकून बसला. वंदना झाल्यावर म्हणाला, "शीला, साक्षगंधाले नाही गेलं तं चालणार नाही का? माह्यी तब्येत सांग."

"एकुलत्या एक भावाच्या साक्षगंधाले मी नाही जाऊ? तुमी झोपा घरी, मी जातो."

"मंग मी येतो," म्हणाला.

१८ ऑक्टोबर

काल मारेगावला साक्षगंध झालं. सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

भाड्याच्या क्रूझरनं सकाळीच पोचलो. अंगणात मांडव, खुर्च्या. उकंडाजी, म्हणजे मैत्रेयीचे वडील, साठीचे, पांढरा शर्ट घातलेले, पाठीवर पंप घेऊन अंगणात पाणी मारत होते. हिरवा पंप. मला पहिल्यांदा बरंच वाटलं, म्हटलं सोयरे कष्टाळू दिसतात.

"या या, जय भीम! धूळ लय उडून राह्यली, म्हणून मारून राह्यलो," म्हणत ते वळले. पट्ट्याला निळ्या चौकडीच्या गाद्या होत्या. अर्धे टाके निळे, अर्धे लाल.

माझ्या हातची शिलाई मी डोळे बांधून ओळखीन. तरी जवळ गेले. हात लावून पाहिला. तोच चादरीचा जाड थर.

"पंप नवा दिसते, काका?"

"नवाच न बाई. जवाईबापूंनं आणला. पह्यल्यांदा आले न ऑगस्टमधी, तवा. म्या म्हटलं कायले एवढा खर्च करता? औषधाले तं अजून लावलाच नाही. फवारणीवाले आपला पंप आणतेत, तुमाले मालूमच आहे. हा अंगणापुरता, मोगऱ्यापुरता. पण माल एक नंबर, बाई. थेंब गळत नाही." आणि त्यांनी वळून मला आपली पाठ दाखवली. इस्त्रीचा पांढरा शर्ट तसाच कडक होता.

मी रोशनकडे पाहिलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

तेव्हा मला सगळं कळलं, पोळ्यापासूनचं. त्याला मांडवामागे नेलं.

"तुमाले मालूम होतं."

"हाव. पोळ्याच्या आधी आलतो न, तवाच पाह्यलं."

"आनं मंग बी तो फुटका पंप पाठीवर घेऊन जात राह्यले? मरायले?"

"दुसरा कोठी होता?" मग म्हणाला, "तुले सांगतलं असतं तं तुह्यं मायेर तुटलं असतं, शीला. तू रोज 'बाबू, बाबू' करतं. एकच तं माणूस आहे तुह्यं. म्या म्हटलं, हंगामभराचा प्रश्न आहे, काढू."

त्याला मी मारलं. खरंच मारलं, छातीवर, दोन्ही हातांनी. नुकताच दवाखान्यातून उठलेला माणूस, उभा राहिला आणि मार खात राहिला. मला भावाचा राग जास्त आला की याचा, आजही सांगता येत नाही. एकानं माझी वस्तू घेतली आणि दुसऱ्यानं माझ्यासाठी आपला जीव पणाला लावला, आणि दोघांनीही मला विचारलं नाही.

तेवढ्यात वंदनेला बोलावलं. सगळे हात जोडून उभे राहिले. पंचशील म्हणताना, न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही, बाबूचा आवाज सगळ्यांत मोठा होता. नवा कोट घातला होता त्यानं. मी आधी त्याच्याकडे बघत होते, मग त्या पंपाकडे. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापर्यंत आल्यावर त्यानं मला पाहिलं, आणि मी कुठे बघतेय ते पाहिलं. आवाज तिथेच बंद झाला.

संपल्यावर तोच माझ्याकडे आला. "ताई, आजच्या दिवस काही बोलू नको. तुह्या पाया पडतो."

"काहून दिला?"

"पह्यल्यांदा येऊन राह्यलो होतो. रिकाम्या हातानं कसा येऊ? एवढं मोठं घर. जिजाजीचं तं चालूनच राह्यलं होतं न त्या पंपावर. मी दुसरा घेऊनच देणार होतो, ताई. खरंच."

"आनं गाद्या?"

"त्या... पंपावर चांगल्या दिसत होत्या."

हे ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. दवाखान्यात यानं पाय धरले, मी याचे डोळे पुसले होते. त्या फोनवाल्या बाईला मी काय काय बोलले होते! एवढ्या सगळ्यांत एक ती कंपनीच खरं बोलत होती.

पंप मोगऱ्याच्या आळ्याजवळ ठेवला होता. मी गेले आणि पट्ट्यात हात घातला. जड होता. उकंडाजी धावत आले, "अवो बाई, पाणी भरलं आहे त्यात!"

"असू द्या भरलेला. काका, हा तुमच्या जवायाचा नाही. माह्या मास्कच्या शिलाईतला आहे, माह्या मालकाच्या पाठीसाठी घेतला होता. तुमच्याकडे काही कसूर नाही."

माय पदर तोंडात धरून म्हणाली, "शीले, सोयऱ्यांच्या समोर काहून इज्जत घेतं भावाची?" मी म्हटलं, "माय, दवाखान्यात तू बी होती."

दुसरा हात पट्ट्यात जाईना. कोणीतरी मागून पट्टा धरला, वर सरकवून दिला. वळून पाहिलं तर मैत्रेयी होती, हळदीच्या रंगाच्या साडीत. मग ती बाबूकडे बघत उभी राहिली आणि बाबू जमिनीकडे. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी थांबलेच नाही.

साक्षगंधाची साडी, केसांत गजरा आणि पाठीवर भरलेला पंप, अशी मी मारेगावच्या रस्त्यानं बसस्टँडपर्यंत चालत गेले. लोक बघत होते. बघू देत. रोशन मागे मागे, धापा टाकत. "दे इकडे," म्हणत होता. मी म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलंय? कंडक्टरनं विचारलं, "ताई, औषध तर नाही न याच्यात?" म्हटलं, पाणी आहे. यवतमाळला बस बदलली, आर्णीला बदलली, बसायला जागा मिळाली तरी मी पंप उतरवला नाही. गाद्या खांद्यात रुतत नव्हत्या. चांगल्या शिवल्या होत्या मी.

घरी येऊन उतरवला. रोशननं माझ्या पाठीवर हात ठेवला, मानेपासून कमरेपर्यंत फिरवला.

"कोरडी आहे," म्हणाला.

मग मी रडले. त्याच्याशी अजून बोलत नाही, पण रडले त्याच्याच खांद्यावर.

२० ऑक्टोबर

बाबूचे फोन येतात. वाजून वाजून बंद होतात.

आज त्या फुकटच्या नंबरवर फोन लावला. तीच बाई निघाली, आवाजावरून ओळखली. म्हटलं, मागे तुम्हाला वाईट बोलले, माफ करा. ती म्हणाली, होतं असं. म्हटलं, तक्रार बंद करा, पंप मिळाला.

"मिळाला? चांगल्या स्थितीत आहे ना?"

"हो."

"तक्रार बंद करताना आम्हाला विचारावं लागतं. आता तुमचं समाधान झालं का, ताई?"

रोशन समोर खाटेवर बसला होता. नवा पंप कोपऱ्यात उभा होता. आता तो घ्यायला या घरात पाठ नाही.

मी म्हटलं, "पंप गळत नाही."